फोटोच्या पाठीवर लिहा!

हार्ड डिस्कवर फोटोंचा ढीग आहे, पण त्यातली माणसं कोण हे सांगणार कोण? घरच्या कम्प्युटरवर, फुकटात आणि चक्क मराठीत फोटोला कॅप्शन कशी द्यायची, त्याची ही गोष्ट.

तुमच्या लॅपटॉपमध्ये 'न्यू फोल्डर' आहे? असणारच. त्याच्या आत 'न्यू फोल्डर २'? तेही असणार. आणि त्याच्या पोटात गोव्याची ट्रिप, चुलतभावाची हळद, ऑफिसचा ट्रॅडिशनल डे आणि कुणाच्या तरी घरचा गणपती असं सगळं एकाच ढिगात. फाइलींची नावं काय, तर 'डीएससी ०१२३४' आणि 'आयएमजी २०४७'. आता खरं सांगा, त्या हळदीच्या फोटोत नवरदेवाच्या मागे पिवळ्या साडीत उभ्या असलेल्या बाई कोण, हे तुम्हाला सांगता येईल? बरं, आज येईल. वीस वर्षांनी?

आपल्या आजीआजोबांच्या पिढीला एक फार चांगली सवय होती. स्टुडिओतून फोटो घरी आला की तो उलटा करायचा आणि पाठीवर बॉलपेननं लिहून टाकायचं. कोण, कुठे, कधी. अक्षर तिरपं असेल, शाई पुढच्या बाजूला उमटली असेल, पण माहिती पक्की. मग डिजिटल कॅमेरे आले, फोटो स्क्रीनवर गेले आणि त्यांची पाठच नाहीशी झाली. निदान आपल्याला तसं वाटलं. गंमत अशी, की डिजिटल फोटोलाही पाठ असते. ती दिसत नाही, इतकंच. त्या पाठीवर लिहायचं कसं, आणि मुख्य म्हणजे आत्ताच का लिहायचं, ते सांगते.

नथ कुणाची?

२०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या आत्यानं कऱ्हाडच्या घरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या हवाली केला. आत तीनशेच्या वर कृष्णधवल फोटो. आत्या ८१ वर्षांची. तिच्या पिढीतलं आमच्याकडे आता दुसरं कुणी उरलेलं नाही. मी सगळे फोटो स्कॅन केले आणि मग चार वीकेंड लॅपटॉप घेऊन पुण्याहून तिच्याकडे जात राहिले. मी फोटो स्क्रीनभर मोठा करायचे, ती चष्मा वर सरकवून पुढे झुकायची आणि बोलायची. मी टाइप करायचे.

त्यात आजीचा एक स्टुडिओतला फोटो होता. नऊवारी, मागे रंगवलेला पडदा, नाकात टपोरी मोत्यांची नथ. आमच्या घरात या नथीवरून वर्षानुवर्षं कुजबुज चालू होती. आजी गेल्यावर नथ सापडली नाही, आणि ती कुणी उचलली असेल यावर ज्याचा त्याचा आपापला संशय. दोन घरांतलं येणं-जाणं त्यापायी कमी झालेलं. मी सहज विचारलं, "आत्या, ही ती नथ ना?"

"अगं, ती आपली कधी होती?" आत्या म्हणाली. "शेजारच्या काकूंची. फोटोपुरती मागून आणलेली. संध्याकाळी मीच जाऊन परत देऊन आले."

मी दोन मिनिटं नुसती बसून होते. मग टाइप केलं: 'आजी, स्टुडिओत, कऱ्हाड. नथ शेजारच्या काकूंची, फोटोसाठी मागून आणलेली. त्याच दिवशी परत केली. सांगितलं आत्यानं, २०२४.' फोटो कितीही झूम केला तरी यातलं एक अक्षर त्यात दिसत नाही. कॅप्शनचं काम हेच. जे दिसतंय ते नाही, जे दिसत नाही ते सांगायचं.

आणि दुसरी बाजूही ऐका. बावीस फोटोंवर आत्यानं मान हलवली. "ही कोण ते आईला माहीत असतं," म्हणाली. आजीला जाऊन तीस वर्षं झाली. त्या बावीस फोटोंतली माणसं आता कायमची अनोळखी. म्हणून म्हणते, सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल, नव्हे आणखी चांगलं मिळेल. सांगणारं माणूस मिळेल याची खात्री नाही.

फोटोवर की फोटोत?

कॅप्शन देण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली तऱ्हा म्हणजे अक्षरं थेट फोटोवर छापायची. यात आपण महाराष्ट्रातली मंडळी एकदम एक्स्पर्ट! चौकातला कुठलाही फ्लेक्स बघा. मधे भाऊंचा गॉगलमधला फोटो आणि त्याच्यावर, खाली, बाजूला, जिथे जागा मिळेल तिथे शुभेच्छुक. लग्नाचे अल्बमही तसेच. पानभर फोटो आणि त्यावर कुणीही न वाचलेली इंग्रजी प्रेमवाक्यं. अशी अक्षरं फोटोचाच भाग होतात. नंतर ती पुसता येत नाहीत, चुकलं तर सुधारता येत नाहीत आणि कम्प्युटरला ती शोधताही येतील याचा भरवसा नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये, पण चित्राला हात न लावता लिहायचं. हीच ती पाठ. टेक्निकल भाषेत तिला मेटाडेटा म्हणतात. तुमचा कॅमेरा किंवा मोबाइल तिथे आधीपासून लिहितच असतो. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, कधी कधी ठिकाणसुद्धा. त्यात तुमची ओळ घालायची. फाइल कॉपी केली, पेनड्राइव्हवर टाकली, नव्या लॅपटॉपवर नेली, तरी ती सोबत जाते.

ही सोय वर्तमानपत्रांच्या गरजेतून पुढे आली. बातम्यांच्या एजन्सीनं पाठवलेल्या फोटोत कोण आहे हे शेकडो मैलांवरच्या संपादकाला कळणार कसं? म्हणून वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या संघटनेनं, जी १९६५ सालापासून आहे, फोटोच्या फाइलमध्येच कॅप्शनसाठी ठरलेला रकाना ठेवला. पुढे २००१ मध्ये अडोबीनं एक्सएमपी नावाची नवी पद्धत आणली. आपल्यासाठी फरक एवढाच, की जुन्या आयपीटीसी रकान्याला २००० बाइटची मर्यादा आहे आणि युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे साधारण साडेसहाशे चिन्हं, काना-मात्रा धरून. एक्सएमपीला अशी अडचण नाही. आत्या मोकळी सुटली तरी जागा पुरते!

सर्व्हिस बंद पडली तर?

तुम्ही म्हणाल, आम्ही तर ऑनलाइन अल्बममध्ये मस्त वर्णनं लिहितो. छानच. पण ती ओळ नेमकी कुठे राहते ते बघा. गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं डिस्क्रिप्शन तुमच्या फोटोच्या फाइलमध्ये जात नाही, त्या सर्व्हिसकडे राहतं. टेकआउट वापरून सगळे फोटो उतरवून घेतले, तर ही वर्णनं प्रत्येक फोटोबरोबरच्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये येतात. मॅकच्या फोटोज ॲपमध्येही कॅप्शन आधी त्याच्या लायब्ररीत असते. एक्स्पोर्ट करताना शीर्षक, कीवर्ड आणि कॅप्शन सोबत घेण्याच्या पर्यायावर टिक केली तरच ती बाहेरच्या फाइलमध्ये उतरते.

हे सांगायचं कारण, सर्व्हिस कायमच्या नसतात. ऑर्कुट आठवतंय? तिथल्या अल्बमखाली आपण काय काय लिहायचो! २०१४ मध्ये ते बंद झालं. गूगलनं २००४ साली विकत घेतलेला लाडका पिकासा २०१६ मध्ये थांबला. पण इथे एक गोड बातमी आहे. पिकासात जेपीईजी फोटोखाली लिहिलेली कॅप्शन त्या फाइलमध्येच साठवली जायची. म्हणजे तेव्हा कुणी मन लावून लिहिलं असेल, तर पिकासा नसतानाही ती ओळ आज दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वाचता येते. पाठीवर लिहिलेलं टिकतं, ते असं.

चला, कामाला लागू

सगळ्यात सोपा मार्ग विंडोजमध्ये आधीच आहे. जेपीईजी फोटोवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, त्यात 'डिटेल्स'चा टॅब. तिथे 'टायटल'समोर क्लिक करा, लिहा, 'अप्लाय' दाबा. झालं! एकदम दहा फोटो सिलेक्ट करून त्या सगळ्यांना एकच ओळही देता येते. 'कोकण, मे महिना, सगळी भावंडं' असलं काही लिहायला हे झकास.

फोटो शंभरच्या वर असतील तर मात्र डिजीकॅम घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. उजव्या बाजूच्या 'कॅप्शन्स' पॅनेलमध्ये लिहायचं आणि पुढच्या फोटोवर जायचं. सुरुवातीलाच सेटिंग्जमधल्या 'मेटाडेटा' विभागात जाऊन कॅप्शन फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय चालू आहे ना, ते तपासा. नाहीतर सगळं डिजीकॅमच्या डेटाबेसमध्येच राहील. आणखी एक सोय मला फार आवडली. एकाच फोटोला दोन भाषांत कॅप्शन देता येते. मराठी आपल्यासाठी, इंग्रजी न्यू जर्सीच्या भाच्यांसाठी.

आणि ज्यांचा अख्खा दिवस एक्सेलमध्ये जातो त्यांच्यासाठी खास. एक्झिफटूल नावाचा एक फुकट प्रोग्रॅम २००३ पासून आहे. दिसायला रूक्ष, काळ्या खिडकीत कमांड द्यावी लागते. पण एक्सेलमध्ये दोन कॉलम करा, एकात फाइलचं नाव, दुसऱ्यात कॅप्शन. शीट 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करा, आणि एका कमांडमध्ये तीनशे फोटोंना तीनशे कॅप्शन! कॉलमची शीर्षकं त्याच्या सूचनांमध्ये दिल्याप्रमाणेच हवीत, एवढं पथ्य पाळा. मूळ फाइलची प्रत तो स्वतःहून बाजूला ठेवतो, त्यामुळे जिवाला घोर नाही.

फोटोवरच अक्षरं हवी असतील, म्हणजे आजोबांच्या पंच्याहत्तरीला फ्रेम करायची असेल किंवा हॉलमध्ये स्लाइड शो दाखवायचा असेल, तर १९९६ पासून लोकांच्या पसंतीचं इरफानव्ह्यू आहे. ऑफिसच्या नव्हे, घरच्या वापरासाठी फुकट. आधी फोटोची कॉपी करा, मूळ फोटोवर कधीच लिहू नका. 'कॅन्व्हास साइज' वाढवून फोटोखाली एक पांढरी पट्टी जोडा आणि अक्षरं त्या पट्टीवर घाला. चेहऱ्यावर, साडीवर, आकाशावर काहीही येत नाही आणि जुन्या अल्बमचा फील येतो.

मराठीत लिहा, युनिकोडमध्ये लिहा

आत्या जे बोलली ते मी तसंच्या तसं लिहिलं. 'फोटोपुरती मागून आणलेली' याचं इंग्रजी करून त्यातली आत्या कशाला घालवायची?

मराठी टायपिंगचा बाऊ आता करू नका. विंडोज १० ला २०१९ च्या अपडेटपासून फोनेटिक मराठी कीबोर्ड आहे. इंग्रजी बटणांवर उच्चाराप्रमाणे टाइप करा, देवनागरी उमटते. ज्यांना इन्स्क्रिप्ट येतं त्यांचा तर प्रश्नच नाही. एकच अट, लिखाण युनिकोडमध्ये हवं. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलं तर तो फॉन्ट नसलेल्या कम्प्युटरवर निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, तेव्हा सबब चालणार नाही.

फोटोवर छापताना अक्षरं तुटतात का, याची माझी एक घरगुती टेस्ट आहे. 'कऱ्हाडच्या स्त्रिया' एवढे दोनच शब्द टाइप करा. अर्धा र, जोडाक्षर आणि पहिली वेलांटी, तिन्हींची परीक्षा एकदम होते. वेलांटी भलतीकडे गेली तर समजा त्या सॉफ्टवेअरला देवनागरी झेपत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत असं झालं तर टाइपच्या सेटिंग्जमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' घ्या. फुकट, सुबक आणि छोट्या आकारातही स्वच्छ वाचता येतो.

लिहायचं काय?

'गुड ओल्ड डेज' किंवा 'मेमरीज' लिहू नका, प्लीज. ते फोटो बघणाऱ्याला आपोआप कळतं. वर्तमानपत्रातल्या 'डावीकडून'ला आपण हसतो, दीपप्रज्वलन करताना मान्यवर वगैरे. पण तो 'डावीकडून' सोन्याचा आहे. आधी मागची रांग, मग पुढची, डावीकडून उजवीकडे, पूर्ण नावांसह. नुसतं 'काकू' लिहिलंत तर तुमच्या मुलांनी कुणाची काकू समजायची? माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावं लिहा. आपल्याकडच्या बायका लग्नानंतर फोटोंतून नाही, पण नोंदींतून हरवतात.

मग ठिकाण. 'घरी' नको, गाव, पेठ, वाडा सांगा. मग साल. माहीत नसेल तर अंदाज आणि अंदाजाचं कारणही लिहा: 'साधारण १९६३, आत्याच्या लग्नाच्या आधीचं वर्ष'. कम्प्युटरनं दाखवलेल्या तारखेवर जाऊ नका. स्कॅन केलेल्या फोटोला तो स्कॅन केल्याची तारीख चिकटवतो आणि जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची बॅटरी पार उतरली की घड्याळ मूळपदावर जायचं. त्यामुळे कोपऱ्यातली नारिंगी तारीखही बेधडक थाप मारू शकते.

शेवटी एक अशी गोष्ट, जी फोटोत दिसत नाही. आणि सांगितलं कुणी, कधी, तेही. ओळख पटली नाही तर तसं स्पष्ट लिहा. त्या बावीस फोटोंना मी ओळ दिलीय: 'ओळख पटली नाही. आत्यालाही माहीत नाही, २०२४.' पुढे कुणी शोधायला बसलं तर निदान त्याला कळेल की हे दार ठोठावून झालंय.

पाठवताना सांभाळून

एवढं सगळं केलंत आणि फॅमिली ग्रुपवर नेहमीसारखा फोटो टाकलात, तर पाठ कोरी! व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवताना तो लहान करतं आणि आतला मेटाडेटा काढून टाकतं. खाली टाइप केलेली ओळ मेसेजची असते, फोटोची नाही. म्हणून पेपरक्लिप दाबून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा ईमेल, पेनड्राइव्ह काहीही. मात्र याचीही दुसरी बाजू आहे. मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या पाठीवर घराचं लोकेशनही असू शकतं. घरच्यांना पाठवताना ठीक, अनोळखी माणसाला पाठवताना ते काढून टाका.

झटपट टिप्स

* सुरुवात करण्याआधी सगळ्या फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर.
* कागदी फोटो स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा. जुनं हस्ताक्षर हीसुद्धा आठवणच.
* एका बैठकीत पंचवीस-तीसच फोटो. सांगणाऱ्याला दम लागतो आणि रडूही येतं.
* मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत राहा, परवानगी विचारून. टाइप करताना सुटलेलं नंतर भरता येतं.
* पहिला फोटो झाला की फाइल दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून बघा. तिथे कॅप्शन दिसली की मगच पुढचे फोटो घ्या.

तीनशेचा आकडा ऐकून घाबरू नका, कुणी एका दमात संपवायला सांगितलेलं नाही. या शनिवारी फक्त दहा फोटो निवडा. आणि निवडताना सुंदर कुठला ते बघू नका. ज्या फोटोतली माणसं ओळखणारं घरात आता एकच कुणी उरलंय, तो आधी घ्या. मग त्यांना फोन लावा आणि सांगा, चहा टाका, मी लॅपटॉप घेऊन येतोय.